बिस्काया पूल: खाडीवर रस्ता न बांधता होडीच पुलाला का टांगली?

खाडीपलीकडे यांचा प्रश्न

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बिल्बाओ शहराच्या खाडीच्या मुखाशी, पोर्तुगालेते आणि लास अरेनास या समोरासमोरच्या वस्त्यांना जोडणारा बिस्काया पूल २८ जुलै १८९३ रोजी सुरू झाला आणि आजही रोजच्या वाहतुकीसाठी वापरला जातो. या पुलावरून गाड्यांचा रस्ता जात नाही. दोन्ही काठांवर लोखंडी जाळीचे उंच मनोरे आहेत, त्यांच्या मधोमध पाण्यापासून ४५ मीटर उंचीवर १६० मीटर लांबीची आडवी तुळई आहे, तुळईवरच्या रुळांवरून चाकांचा एक गाडा धावतो आणि त्या गाड्याला दोरांनी टांगलेला गोंडोला माणसे व मोटारी घेऊन पाण्याच्या थोडासाच वरून पलीकडे जातो. अशा पुलाला ट्रान्सपोर्टर पूल म्हणतात आणि या प्रकारातला हा जगातला पहिला पूल होय. युनेस्कोने २००६ मध्ये त्याला जागतिक वारसा यादीत स्थान दिले.

माझी अडचण अशी की एवढे मनोरे आणि एवढी तुळई उभारण्याचा खर्च केल्यावर त्यावरून सरळ रस्ताच का नेला नाही, हे मला नीट उमगलेले नाही. जहाजे जाण्यासाठी मध्यभाग उघडणारा पूलही बांधता आला असता. दुसरे असे की छायाचित्रांत ही रचना फारच नाजूक दिसते. तुळईच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाणारा, एकाच जागी एकवटलेला भार ती कसा पेलते, आणि वाऱ्यात गोंडोला हेलकावे कसे खात नाही? काही ठिकाणी या पुलाचे श्रेय आल्बेर्तो दे पालासिओ या बास्क वास्तुरचनाकाराला दिलेले आढळते, तर काही ठिकाणी फर्दिनां आर्नोदँ या फ्रेंच अभियंत्याला. त्यातले खरे काय? मी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने नेहमी ये-जा करणाऱ्यांपैकी असल्यामुळे साहजिकच असाही विचार मनात येतो की ही युक्ती आपल्या खाड्यांवर कोणाला का सुचली नसावी. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

---

नकाशेवाला यांचे उत्तर

या प्रश्नाची सुरुवात लोखंडापासून न करता जमिनीपासून करावी लागेल. पोर्तुगालेते हे डाव्या काठावरचे जुने, चढणीवर वसलेले गाव आहे. समोरचा लास अरेनासचा भाग मात्र सपाट आणि वाळूचा असून तो पाण्यापेक्षा जेमतेम उंच आहे. या दोहोंमधून जाणारी खाडी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या अत्यंत गजबजलेल्या औद्योगिक जलमार्गांपैकी एक होती. बेसेमर पद्धतीने पोलाद करण्यासाठी फॉस्फरस कमी असलेले खनिज लागे, बिस्काया प्रांतातल्या खाणींतले लोहखनिज नेमके तसे होते, आणि ते भरून नेण्यासाठी ब्रिटनमधून समुद्री जहाजे थेट खाडीत शिरत. मुखाशी असलेला वाळूचा दांडा ही त्या जहाजांची पूर्वीची मोठी डोकेदुखी होती. एव्हारिस्तो दे चुर्रुका या अभियंत्याने १८७७ पासून हाती घेतलेल्या कामांनी आणि १८८७ मध्ये पूर्ण झालेल्या पोर्तुगालेतेच्या लोखंडी धक्क्याने ती दूर झाली. ज्या मुखावर एवढा पैसा आणि एवढे श्रम ओतून जहाजांना वाट मोकळी करून दिली होती, तिथेच पूल घालून ती वाट अडवण्यास बंदराने कधीच संमती दिली नसती. म्हणजे पुलाच्या कर्त्यापुढची अट स्पष्ट होती. पात्रात एकही खांब नको, आणि उंच डोलकाठ्यांची जहाजे खालून अडखळल्याशिवाय गेली पाहिजेत.

आता आपण म्हणता तसा रस्ता तुळईवरून नेला असता तर काय झाले असते, याचा हिशोब करून पाहावा. रस्ता ४५ मीटर उंचीवर न्यायचा आहे. त्या काळची वाहतूक घोडागाड्यांची आणि बैलगाड्यांची होती. २० मीटरला १ मीटर असा चढ, जो भरलेल्या गाडीला बऱ्यापैकी जड जातो, धरला तरी प्रत्येक बाजूला ९०० मीटर लांबीचा पोहोचरस्ता लागतो. ३० मीटरला १ मीटर असा सौम्य चढ घेतला तर ती लांबी १,३५० मीटर होते. खाडी ओलांडायची १६० मीटर, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंचे मिळून दोन-अडीच किलोमीटर कमानींचे बांधकाम दाट वस्तीतून न्यायचे! खर्चाचा मोठा वाटा खाडीवरच्या भागात नसून या पोहोचरस्त्यांत असतो, ही गोष्ट पुलाचे चित्र पाहताना ध्यानात येत नाही. ट्रान्सपोर्टर पुलाने नेमका तोच वाटा वाचवला. उंच चढते ती फक्त तुळई. प्रवासी आणि गाड्या ज्या पातळीवर येतात त्याच पातळीवर पलीकडे उतरतात.

उघडणाऱ्या पुलाबद्दल म्हणाल तर त्याच सुमाराचे उदाहरण घ्यावे. लंडनचा टॉवर ब्रिज जून १८९४ मध्ये खुला झाला आणि त्याचा उघडणारा भाग ६१ मीटरचा आहे. तेवढ्यासाठी थेम्सच्या पात्रात दोन अवाढव्य खांब उभारावे लागले. पात्रात खांब चालणार नसतील तर १६० मीटरचा गाळा उघडमीट करणे त्या काळच्या यंत्रसामग्रीच्या आवाक्यात नव्हते. शिवाय जहाजांची ये-जा सतत असेल तर उघडणारा पूल बराच वेळ उघडाच राहतो आणि रस्त्यावरची माणसे ताटकळतात. आपल्याकडे रामेश्वरमजवळचा पांबनचा रेल्वेपूल १९१४ पासून उघडत असे आणि २०२५ मध्ये त्याच्या शेजारी आलेल्या नव्या पुलाचा मधला गाळा सरळ वर उचलला जातो. मात्र तिथे गाड्या आणि जहाजे दोन्ही मोजकीच असल्यामुळे ते जमते.

बोटीने ने-आण तर पुलाआधी चालूच होती. तिला वादळ, धुके, भरती-ओहोटी आणि जहाजांची वर्दळ या सगळ्यांना तोंड द्यावे लागे. पालासिओने या बोटीचा मार्ग तोच ठेवून तिला पाण्यावरून उचलले, एवढेच म्हटले तरी चालेल. हे काम सरकारी तिजोरीतून झालेले नाही. सांतोस लोपेस दे लेतोना या वस्त्रोद्योजकाने त्यात प्रमुख भांडवल घातले, आणि वापरणाऱ्याने पैसे मोजावेत ही पद्धत तिथे आजही चालू आहे. खासगी भांडवलाला परतफेड हवी असते, त्यामुळे सर्वांत कमी लोखंडात काम भागवणारी रचना निवडली जाणे ओघानेच आले.

कोकणातल्या खाड्यांविषयी माझे मत असे की तिथे या युक्तीची गरजच निर्माण झाली नाही. उंच जहाजे अरुंद खाडीतून सतत आत-बाहेर करत आहेत आणि दोन्ही काठांवर दाट वस्ती आहे, अशी जोडगोळी आपल्याकडे क्वचितच आढळते. गोव्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तिथेही लोहखनिज आहे आणि तेही नदीमार्गेच जाते. पण मांडवी आणि जुवारीतून ते बुटक्या बार्जेसनी मुरगावला नेले जाते व मोठ्या जहाजांत तिथे चढवले जाते. त्यामुळे मांडवीवरच्या पुलांना ४५ मीटरची उंची ठेवावी लागली नाही. बिल्बाओमध्ये मोठे जहाजच खाडीत येत असे, हा सारा फरक आहे.

---

ताणदाब यांचे उत्तर

नकाशेवाला यांनी जागेचा मुद्दा चांगला मांडला आहे. मी रचनेबद्दल लिहितो, कारण 'नाजूक दिसते' या आपल्या निरीक्षणातच तिचे मर्म आहे.

हा पूल मुळात झुलता पूल आहे, फक्त त्याला रस्त्याऐवजी रुळांची तुळई टांगलेली आहे. प्रत्येक काठावर दोन, असे सुमारे ६१ मीटर उंचीचे चार मनोरे आहेत. घडीव लोखंडाच्या पट्ट्या आणि कोन रिव्हेटांनी जोडून ते जाळीदार केले आहेत. मनोऱ्यांच्या माथ्यावरून जाणारे पोलादी दोर मधल्या तुळईला उचलून धरतात आणि मागच्या बाजूला उतरत जाऊन जमिनीत बांधलेल्या वजनदार दगडी अँकरेजमध्ये घट्ट धरले जातात. दोराची पुढची ओढ आणि मागची ओढ एकमेकींना तोलतात, त्यामुळे मनोऱ्यावर मुख्यतः सरळ खाली दाब येतो आणि त्याला वाकवणारे बल फारसे उरत नाही. केवळ दाब घेणारा खांब सडपातळ चालतो. त्याला पातळ पट्ट्यांची जाळी पुरते, आणि जाळी असल्यामुळे समुद्रावरून येणारा वारा तिच्यातून बराचसा निघून जातो. आयफेल मनोरा याच्या अवघी चार वर्षे आधी, १८८९ मध्ये, याच धातूत आणि याच जोडकामाच्या पद्धतीने उभा राहिला होता. म्हणजे हे कसब तेव्हा परिपक्व झालेले होते.

आता सरकणाऱ्या भाराकडे येऊ. कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर एकच ओली चादर टाकून ती सरकवत नेली तर दोरीचा आकार प्रत्येक जागी बदलतो. झुलत्या पुलाच्या दोराचेही तसेच होते. रस्त्याच्या पुलावर बहुतेक वेळा भार थोडाफार विखुरलेला असतो, पण इथे गाडा, टांगणीचे दोर, गोंडोला आणि त्यातली माणसे व वाहने असा सगळा भार एका छोट्या लांबीत एकवटून १६० मीटर प्रवास करतो. दोर नुसतेच असते तर गाड्याच्या पुढे सतत चढ आणि मागे उतार तयार झाला असता. यावर दोन उपाय एकत्र वापरले आहेत. पहिला उपाय म्हणजे तुळईच ताठ करणे. ती जाळीदार आणि पुरेशी खोल ठेवली की एका जागचा भार ती आजूबाजूच्या अनेक टांगणदोरांवर वाटून देते. दुसरा उपाय अधिक हुशारीचा आहे. मनोऱ्याच्या माथ्यापासून तुळईच्या जवळच्या भागाला तिरके सरळ दोर बांधायचे, आणि झोळ असलेल्या दोरावर मुख्यतः मधला भाग सोपवायचा. सरळ ताणलेल्या दोराला आकार बदलायला वाव नसतो, म्हणून टोकांकडचा भाग घट्ट राहतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू पाहिलेल्यांना हे तिरके दोर ओळखीचे वाटतील. झुलता पूल आणि तिरक्या दोरांचा पूल यांची अशी सांगड घालणे ही आर्नोदँची खासियत होती, आणि त्याने ती पुढे आपल्या इतर पुलांतही वापरली.

दोरांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण युनेस्कोने या पुलाच्या वर्णनात पिळाच्या हलक्या पोलादी दोरांचा खास उल्लेख केला आहे. फ्रान्समध्ये झुलत्या पुलांची परंपरा जुनी होती, पण तिला एक काळा दिवसही होता. एप्रिल १८५० मध्ये आँजे शहरातला झुलता पूल सैनिकांची तुकडी जात असताना तुटला आणि २०० हून अधिक माणसे मेली. दोरांच्या तारा अँकरेजमध्ये चुन्यात गाडलेल्या होत्या, त्या आतल्या आत गंजल्या होत्या, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता. आर्नोदँची उमेदवारी जुन्या झुलत्या पुलांची तपासणी आणि डागडुजी करण्यात गेली होती, त्यामुळे हा धडा त्याला नीट ठाऊक होता. त्याने समांतर तारांच्या जुडीऐवजी, प्रत्येक थर आधीच्या थराच्या उलट दिशेने पिळलेला, असे दोर वापरले. अशा दोराला स्वतःहून उलगडण्याची ओढ कमी असते आणि एखादी तार तुटली तरी आजूबाजूच्या तारांच्या घर्षणामुळे ती काही अंतरावर पुन्हा भार घेऊ लागते. याहून महत्त्वाचे म्हणजे दोर एकेक करून सोडवता आणि बदलता येतील अशी त्याने टोकांची बांधणी केली. पूल चालू ठेवून त्याचे भाग बदलता आले पाहिजेत, हा विचार १८९० च्या आसपास सर्वमान्य नव्हता. माझ्या मते हा पूल सव्वाशेहून अधिक वर्षे टिकण्यामागे मनोऱ्यांच्या मजबुतीइतकाच या विचाराचाही हात आहे.

झुलत्या रचनेचा आणखी एक फायदा बांधकामाच्या वेळी मिळतो. दोर एकदा पलीकडे ओढून घेतले की तुळईचे तुकडे त्यांनाच टांगत नेता येतात. पाण्यात परांची उभारावी लागत नाही आणि जहाजांची वाट बंद होत नाही.

गोंडोलाच्या हेलकाव्यांबद्दल आपली शंका रास्त आहे. साधारण ४० मीटर लांबीच्या साध्या लंबकाला एक पूर्ण आंदोलन करायला १२ ते १३ सेकंद लागतात. गोंडोला नुसत्या उभ्या दोरांनी टांगला असता तर गाडा सुटताना आणि थांबताना तो मागे-पुढे झुलत राहिला असता आणि धक्क्याला नीट लागलाच नसता. म्हणून टांगणीचे दोर उभे न ठेवता तिरके आणि एकमेकांना छेदणारे ठेवतात. वरचा गाडाही त्यासाठी पुरेसा लांब असावा लागतो. अशी तिरकी मांडणी त्रिकोण तयार करते, आणि त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याखेरीज बदलत नाही. त्यामुळे गाडा आणि गोंडोला जवळजवळ एकच ताठ वस्तू असल्यासारखे चालतात. आडव्या वाऱ्याचा जोर मात्र शेवटी तुळईलाच घ्यावा लागतो. सुरुवातीला गाडा वाफेच्या इंजिनाच्या जोरावर ओढला जाई, नंतर विजेवर आला. आजचा गोंडोला सहा मोटारी आणि माणसे घेऊन सुमारे दीड मिनिटात पलीकडे पोहोचतो.

श्रेयाच्या वादात पडायचे तर मी असे म्हणेन की पालासिओने मागणी ओळखली, जागा निवडली, कल्पनेला रूप दिले आणि ती पूर्ण होईपर्यंत तिचा पाठपुरावा केला. दोर, टांगणी आणि उभारणीचे तंत्र आर्नोदँचे आहे. पुढे फ्रान्समधले बहुतेक ट्रान्सपोर्टर पूल आर्नोदँनेच बांधले, म्हणून फ्रेंच लेखनात तोच जनक ठरतो.

---

खाडीपलीकडे यांचा पुढचा प्रश्न

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. पोहोचरस्त्याच्या लांबीचा हिशोब पाहिल्यावर पहिली शंका मिटली. आता असे विचारावेसे वाटते की युक्ती इतकी सोयीची होती तर ती जगभर पसरून नंतर लोप का पावली? आणि आज उभा असलेला पूल १८९३ चाच आहे की त्याचे बरेचसे लोखंड नंतरचे आहे?

---

जुनी_यंत्रे यांचे उत्तर

पसरली तर खरीच. रुआँ येथे १८९९ मध्ये, रोशफोरजवळ शारांत नदीवर १९०० मध्ये, नाँतमध्ये १९०३ मध्ये आणि मार्सेयच्या जुन्या बंदरावर १९०५ मध्ये असे पूल उभे राहिले. नाँत आणि मार्सेयमध्ये शहराच्या मधोमध अँकरेजसाठी जागा मोकळी सोडणे अवघड होते, म्हणून आर्नोदँने तिथे तुळईचे हात मनोऱ्यांच्या मागे काढून त्यांच्या टोकांना प्रतिभार टांगले. अमेरिकेत डुलुथला १९०५ मध्ये आणि अर्जेंटिनात ब्युनोस आयरेसच्या ला बोका भागात १९१४ मध्ये असेच पूल झाले. ब्रिटनमधले विडनेस-रनकॉर्न, न्यूपोर्ट आणि मिडल्सब्रो हे तिन्ही मोठे पूल १९०५ ते १९११ या काळातले आहेत.

यातला न्यूपोर्टचा पूल मला सर्वांत शिकवणारा वाटतो. वेल्समधल्या अस्क नदीच्या पूर्व काठावर लायसाट कंपनीचा पोलादाचा कारखाना आला आणि कामगार राहत होते पश्चिमेला. शहरातल्या जुन्या पुलावरून त्यांना मैलोगणती वळसा पडे. फेरीबोट चालवावी तर तिथली भरती-ओहोटी १२ मीटरच्या आसपास असते. ओहोटीला धक्का आणि पाणी यांच्यामध्ये चिखलाचा उतार उघडा पडतो आणि बोट काठाला लागूच शकत नाही. बोगदा परवडणारा नव्हता आणि उंच पुलाला सपाट काठांवर लांबच लांब पोहोचरस्ते लागले असते. तेव्हा शहराचे अभियंते रॉबर्ट हेन्स यांनी आर्नोदँशी संधान बांधले आणि १२ सप्टेंबर १९०६ रोजी पूल सुरू झाला. त्याचे मनोरे ७३ मीटरहून उंच आहेत, त्यांच्यातले अंतर सुमारे १९७ मीटर आहे आणि पाण्यापासून तुळईपर्यंत ५४ मीटर मोकळे आहेत. बिस्कायाशी तुलना केली तर अवघ्या १३ वर्षांत हे तंत्र किती पुढे गेले ते दिसते.

आकाराने सर्वांत मोठा होता तो विडनेस-रनकॉर्नचा, ३०५ मीटरच्या गाळ्याचा. तो १९६१ मध्ये पाडला गेला, कारण शेजारी कमानीचा रस्तापूल तयार झाला. या एका घटनेत बाकीच्यांच्या नशिबाची कल्पना येते. बिस्कायाचा गोंडोला दर आठ मिनिटांनी सुटतो असे धरले तर तासाला एका दिशेने सात-आठ खेपा आणि जास्तीत जास्त ४५ मोटारी जातात. साध्या रस्त्याची एक मार्गिका तासाला हजारहून अधिक मोटारी सहज नेते. घोडागाडीच्या काळात खेपा पुरेशा होत्या आणि मोटार आली तेव्हा त्या अपुऱ्या ठरल्या. खेरीज मोटारीला चढाचे भय नव्हते, त्यामुळे उंच पुलाच्या पोहोचरस्त्याला तीव्र उतार देता येऊ लागला आणि ट्रान्सपोर्टर पुलाचा मूळ फायदाच घटला. डुलुथच्या लोकांनी व्यवहारी मार्ग काढला: मनोरे आणि वरची तुळई उंचावून, गोंडोला काढून टाकून, १९३० पर्यंत त्यांनी त्याच जागी मधला गाळा वर उचलणारा रस्तापूल करून घेतला.

उरलेल्यांपैकी काहींचा अंत युद्धात झाला. रुआँचा पूल १९४० मध्ये उडवला गेला, मार्सेयचा १९४४ मध्ये जर्मन सैन्याने निकामी केला. नाँतचा पूल १९५८ मध्ये पाडला. रोशफोरचा मात्र १९६७ मध्ये बंद होऊनही वाचला, १९७६ मध्ये त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि दीर्घ दुरुस्तीनंतर तो २०२० मध्ये पुन्हा खुला झाला. मिडल्सब्रोचा पूल, एकूण २५९ मीटर लांबीचा, वाचलेल्यांत सर्वांत लांब आहे. २०१९ पासून त्याची सेवा बंद आहे. जर्मनीत रेंड्सबर्ग येथे कील कालव्यावर १९१३ च्या उंच रेल्वेपुलाखालीच गोंडोला टांगलेला आहे. त्याला जानेवारी २०१६ मध्ये एका मालवाहू जहाजाची धडक बसली आणि नवा गोंडोला धावायला २०२२ उजाडले. जहाज आणि गोंडोला एकाच पाण्यावरून जातात, त्यामुळे हा धोका या प्रकारच्या पुलाला जन्मतःच चिकटलेला आहे. वाट जहाजाला द्यायची, हा नियम सर्वत्र आहे, पण नियम पाळणारी माणसेच असतात.

एक पुरवणी: बिस्काया हा बांधला गेलेला पहिला पूल असला तरी कल्पना त्याआधीची आहे. हार्टलपूलच्या लोखंड कारखान्याचे व्यवस्थापक चार्ल्स स्मिथ यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच टीस नदीवर 'पुलाची फेरी' सुचवली होती. ती कागदावरच राहिली आणि त्याच नदीवर मिडल्सब्रोचा पूल येईपर्यंत १९११ साल उजाडले.

---

नकाशेवाला यांचे उत्तर

मूळ लोखंडाच्या प्रश्नाचे उत्तर स्पेनच्या यादवी युद्धात आहे. जून १९३७ मध्ये फ्रँकोचे सैन्य बिल्बाओजवळ पोहोचले होते. माघार घेणाऱ्या प्रजासत्ताकवादी बाजूच्या सैनिकांनी १७ जून रोजी पुलाचा वरचा भाग उडवला आणि तुळई खाडीत कोसळली. दोन दिवसांनी शहर पडले. पालासिओ तेव्हा हयात होता. तो १९३९ मध्ये वारला, म्हणजे आपला पूल पुन्हा चालू झालेला त्याला पाहता आला नाही. हुआन होसे आरासिल या अभियंत्याच्या देखरेखीखाली तुळई पुन्हा उभारली गेली आणि १९ जून १९४१ रोजी गोंडोला पुन्हा सुरू झाला. तेव्हा सरळ उत्तर असे की मनोरे १८९३ चे आहेत, आडवी तुळई युद्धानंतरची आहे, आणि गोंडोला तर अनेकदा बदललेला असून आजचा १९९० च्या दशकाच्या अखेरचा आहे. त्याच सुमारास मनोऱ्यांत लिफ्ट बसवून तुळईवर पादचाऱ्यांसाठी मार्ग खुला केला गेला.

याला वारसा म्हणावे का, असा आक्षेप कधीकधी घेतला जातो. माझ्या दृष्टीने तो टिकत नाही. ताणदाब यांनी लिहिल्याप्रमाणे ही रचनाच भाग बदलता यावेत अशा हेतूने केलेली होती, आणि पुलाचे काम १८९३ मध्ये जे होते तेच आज आहे. खाडीच्या आतल्या बाजूस रोन्तेगीचा रस्तापूल १९८३ मध्ये झाला, तरी मुखाशी राहणाऱ्याला पलीकडच्या काठावर जायला तो वळसाच पडतो. लास अरेनासमधून पोर्तुगालेतेच्या रेल्वेस्थानकाकडे किंवा बाजारात जाणारा माणूस सायकल घेऊन गोंडोलावर चढतो, आणि गोंडोला दिवसरात्र चालू असल्यामुळे रात्रपाळीवरून परतणाऱ्यालाही तो मिळतो. रोशफोरला प्रवासी मुख्यतः पूल पाहायला येतात. इथे बहुतेकांना फक्त पलीकडे जायचे असते.

रंगाबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो: सध्याचा तांबूस रंग २०१० च्या रंगकामातला आहे आणि तो सोमोर्रोस्त्रोच्या खाणींतल्या लोहखनिजाच्या छटेवरून निवडला आहे.